भिंतीकडची बाजू

माझी नोकरी नेमकी काय होती, हे माझ्या सासरी शेवटपर्यंत कुणाला धड सांगता आलं नाही. “आमची सून डिंकाच्या कंपनीत आहे,” एवढं ते सांगत, आणि ऐकणारा हमखास विचारी, म्हणजे बाटल्या भरते का? मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन, लग्न होऊन वर्ध्याहून पुण्यात आलेली. पहिली काही वर्षं प्रयोगशाळेत गेली. एकदा तक्रारी बघायला जाणारे गृहस्थ आजारी पडले म्हणून मला पाठवलं, आणि मग मलाच पाठवत राहिले. कुठे दाराचं प्लायवूड उकललं, कुठे टेबलावरचा सनमायका सुटला, कुणी म्हणालं तुमचा डिंक बोगस आहे, की मेश्राम मॅडम निघाल्या.

ज्यांच्याकडे जायची ते लोक आधी दारात उभं करून विचारत, “मेश्राम म्हणजे कुठले?” पुण्यात हा प्रश्न गाव कळावं म्हणून विचारत नाहीत, हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. मी “वर्ध्याचे” एवढं सांगून कामाला लागायची.

काम समजावून सांगायचं तर असं. लोकांना वाटतं, डिंक चिकटवतो. अर्धं काम दाब करतो. डिंक लाकडाच्या रंध्रांत शिरावा लागतो, आणि दोन तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून धरल्याशिवाय तो शिरत नाही. वाळेपर्यंत दाब सुटला तर संपलं. नीट झालेला जोड मोडायला गेलात तर तो डिंकाच्या रेषेवर मोडतच नाही, शेजारचं लाकूड फाटतं. आमच्या धंद्यात हीच कसोटी. लाकूड फाटलं तर डिंक पास.

कसबा पेठेत देव्हारे करणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांच्या शेगडीवर सरसाचं, म्हणजे हाडं-कातडी उकळून केलेल्या जुन्या डिंकाचं, भांडं कायम चढलेलं असे आणि बोळाच्या तोंडापासून त्याचा वास येई. आमच्या पांढऱ्या डिंकाचा डबा त्यांनी नाकाशी धरला आणि म्हणाले, याला वासच नाही, हा धरणार कसा? मी सागवानाचे दोन तुकडे जोडून त्यांच्याकडे ठेवून आले. पुढच्या खेपेला पाहते तर त्यांनी ते हातोडीनं फोडले होते, आणि जोड शाबूत राहून लाकूड फाटलं होतं. त्यांनी तुकडे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “लाकूड हलकं होतं.” यापुढे त्यांच्याकडून कबुली मिळाली नाही, पण डबा मात्र संपलेला होता.

नंतर सॉफ्टवेअरवाल्यांची हापिसं उघडायला लागली आणि तक्रारींची जातच बदलली. सगळ्यांना सगळं घाईत हवं असायचं. एका हापिसात परदेशी पाहुणे यायचे होते, आणि भलंमोठं मीटिंगचं टेबल सकाळी पापडासारखं फुगलेलं. कंत्राटदारानं ओलसर प्लायवूड वापरलं होतं, दाबासाठी रंगाचे डबे ठेवले होते, आणि वर एसी पूर्ण सोडला होता. त्यानं आणि मी मिळून फुगलेल्या कोपऱ्यावर फुलांची मोठी परडी ठेवली. पाहुण्यांनी टेबलाचं कौतुक केल्याचं नंतर कळलं.

अशा पुष्कळ गोष्टी आहेत. पण या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मनात आली ती होडीची तक्रार.

तक्रार वारज्याहून आली होती. फोन घेणाऱ्या मुलीनं लिहून घेतलं होतं: होडीचे जोड सुटतात. मला वाटलं, खोडी किंवा घडी असं काहीतरी असेल. आमच्या डब्यावर कपाटाचं, खुर्चीचं, दाराचं चित्र होतं, होडीचं नव्हतं. गेले तर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्कूटरी आणि नव्या मोटारींच्या रांगेत, भिंतीला लागून खरोखरच एक होडी पालथी पडलेली होती. अर्धवट. वरून पाहिलं तर मोठ्या माशाचा सांगाडा वाटावा अशी.

ती बांधणारे गृहस्थ पांचाळ. वय साठीच्या आतबाहेर, अंगात टीशर्ट, नाकावर चष्मा. त्यांनी मेश्राम म्हणजे कुठले असं विचारलं नाही. म्हणाले, “लाकूड कळतं का तुम्हाला, की नुसता डिंक?”

मी म्हटलं, “लाकूड थोडं. डिंक पुष्कळ.”

“बरं झालं. माझं उलटं आहे. मिळून एक माणूस होईल.”

पांचाळकाका पॅटर्नमेकर होते. म्हणजे लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी तो हुबेहूब लाकडात करायचा, वाळूत दाबून त्याचा ठसा घ्यायचा, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. तो लाकडाचा भाग करणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. एका फाउंड्रीत त्यांची सगळी नोकरी झाली. मग बाहेरच्या देशांतून संगणकावर चालणारी यंत्रं आली, ती तेच काम झोपेत करू लागली, आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती नावाची गोष्ट मिळाली, जिच्यात स्वेच्छा कुणाची होती ते त्यांनाही माहीत नव्हतं.

होडी कशासाठी, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की, जन्मभर केलेलं लाकूडकाम शेवटी रॅकवर गेलं आणि जगात गेलं ते लोखंड. पंपात लोखंड, ट्रकमध्ये लोखंड. एक तरी वस्तू अशी करायची होती की जिचं लाकूडच कामाला जाईल. खुर्ची करता आली असती, पण खुर्ची कुणीही करतं. मुलानं बंगळूरहून इंटरनेटवरची माहिती छापून पाठवली होती, ती वाचून त्यांनी लहान दोघांची होडी ठरवली. खडकवासल्याच्या पाण्यात घालायची.

पद्धत अशी होती. होडीच्या आकाराचे लाकडी फर्मे एका लांब फळीवर ठरावीक अंतरानं उभे करायचे. त्यांच्यावरून बोटभर रुंदीच्या पातळ पट्ट्या वाकवत न्यायच्या, एकीला लागून दुसरी, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक पट्टीच्या एका कडेला गोलवा, दुसऱ्या कडेला पन्हळ, म्हणजे वळणावरही एक दुसरीत बसते. मधे डिंक. पूर्ण झाली की आतबाहेर काचेचं कापड आणि राळेचा लेप, फर्मे काढून टाकायचे. पट्ट्यांसाठी त्यांनी पाइनचं लाकूड वापरलं होतं. भोसरीच्या बाजूला परदेशी यंत्रांची खोकी मोडून विकतात, तिथून निवडून आणलेलं. “माझी नोकरी ज्या खोक्यांतून आलेल्या यंत्रांनी खाल्ली, ती खोकी,” असं ते अगदी सहज म्हणाले. हसले नाहीत.

एरवी लोक या पट्ट्या वाळेपर्यंत फर्म्यावर बारीक खिळ्यांनी ठोकून धरतात. सुतार त्या खिळ्यांना चुका म्हणतात. काकांच्या होडीत एकही खिळा नव्हता. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबा उभ्या कापून त्यांचे लांब पट्टे केले होते, आणि ते ओढून, ताणून, फर्म्याला बांधून पट्ट्या दाबून धरल्या होत्या. मी चुकांचं विचारलं.

“माझ्या कामात चुका नसतात, बाई,” ते म्हणाले.

आता तक्रार. पार्किंगकडच्या बाजूचे जोड असे बसले होते की नखानं चाचपून रेष सापडेना. भिंतीकडच्या बाजूला मात्र पट्ट्या जागोजाग सुटलेल्या, सुरीचं पातं आरपार जाईल एवढ्या. डबा तोच, लाकूड तेच, माणूस तोच. काकांचं म्हणणं, डब्याच्या तळाशी डिंक खराब निघाला.

मी आधी भिंतीची ओल तपासली. भिंत कोरडी होती. सुटलेल्या जोडात भिंगातून पाहिलं, तर डिंक सायीसारखा जाड आणि चकचकीत वाळला होता. तो लाकडात शिरलाच नव्हता. दाब पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग वाटलं, त्या बाजूच्या ट्यूबा जुन्या असतील. आम्ही दोन्हीकडच्या ट्यूबा अदलाबदल करून ठेवल्या आणि पुढच्या शनिवारी यायचं ठरवून मी गेले.

शनिवारी पाहते तर तेच. पार्किंगकडची नवी पट्टी पक्की, भिंतीकडची सुटलेली. मी म्हटलं, काका, आता माझ्यासमोर एक पट्टी लावा.

त्यांनी पार्किंगच्या बाजूनं लावली. मोकळी जागा, दोन्ही पाय रोवून उभे, उजव्या हातानं ट्यूब अशी ताणली की रबर पांढरं पडलं. बघत राहावं असं काम. मग ते भिंतीकडे गेले. तिथे होडी आणि भिंत यांच्यामध्ये माणूस आडवा उभा राहील एवढीच फट. उजवा हात भिंतीला लागायचा, म्हणून ओढायचं ते डाव्या हातानं. त्यांनी ट्यूब पकडली, ओढली, गाठ मारली आणि माझ्याकडे पाहिलं. ट्यूब काळीच होती. रबराला ताणच बसला नव्हता. डाव्या हाताचा अंगठा बाकीच्या बोटांना धड भिडत नव्हता.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, “दोन्हीकडे सारखंच ओढतो मी.”

“काका, हा हात कधीपासून असा आहे?”

ते फटीतून बाहेर आले, रंधा उचलून पुसत बसले. मग म्हणाले, “तुम्ही डिंकाचं बघा. हाताचं माझं मी बघतो.”

मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले. आवाज उतरला होता. सुमनला, म्हणजे त्यांच्या बायकोला, काही सांगू नका असं म्हणाले. ती मुलाला फोन करील, मुलगा दोघांना बंगळूरला नेईल, आणि हे इथे असंच राहील. हाताला वयाचा आजार आहे, डॉक्टर दुसरं काय सांगणार? आणि पॅटर्नमेकरचा हात गेला असं एकदा म्हटलं की मागे काय उरतं, हे त्यांनी विचारलं नाही, पण मला ऐकू आलं.

माझी पंचाईत झाली. कंपनीच्या दृष्टीनं काम संपलं होतं. माल चांगला, वापरणाऱ्याकडून दाब अपुरा, तक्रार बंद. साहेब तेच म्हणाले. पण मला त्या फटीतला हात दिसत राहिला. माझे वडील कापसाच्या जिनिंगमध्ये होते. त्यांनी छातीतली कळ अशीच बायकोमुलांपासून लपवली होती, आणि आम्हाला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुमनकाकूंना सांगावं तर विश्वास मोडतो. न सांगावं तर काय मोडेल, माहीत नाही.

शेवटी मी काकांनाच सांगितलं, “घरी मी काही बोलणार नाही. पण तक्रारही बंद करणार नाही. कारण सापडलंय, उपाय झालेला नाही. दर शनिवारी तपासणीला येत जाईन.”

“तुमच्या कंपनीला दुसरी कामं नाहीत वाटतं.”

“आहेत. पण शनिवारी अर्धा दिवस असतो.”

मी जात राहिले. मी विचारायची, दाखवला का हात? ते म्हणायचे, तुमचा डिंक कसा आहे? मग आम्ही पार्किंगकडच्या पट्ट्या लावायचो आणि भिंतीकडची बाजू तशीच मागे राहायची. होडी एका अंगानं वाढत होती. सुमनकाकू चहा आणून द्यायच्या आणि लगेच वर जायच्या. त्यांना त्या होडीचा राग आहे असं काका सांगायचे, आणि मला ते खरं वाटायचं.

एका शनिवारी काका मला सोडायला फाटकाकडे येत होते. मधेच सुमनकाकूंनी वरच्या गॅलरीतून हाक मारली, “अहो, चप्पल.” काकांनी खाली पाहिलं. डाव्या पायातली चप्पल मागे, होडीपाशी, राहिली होती. ते अनवाणी पायानं तेवढं चालून आले होते आणि त्यांना कळलं नव्हतं.

ते तिथेच उभे राहिले. सुमनकाकू खाली आल्या, चप्पल उचलून आणली आणि त्यांच्या पायापुढे ठेवली. काकांनी ती घातली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“सुमन, माझा हात गेलाय,” ते म्हणाले. “आता पाय पण जातोय बहुतेक.”

सुमनकाकू शांतपणे म्हणाल्या, “हाताचं मला माहीत आहे. तुमचे शर्ट मी का उचलून ठेवले, असं वाटलं तुम्हाला? बटणं लावताना तुम्ही न्हाणीघरात किती वेळ लावता, ते ऐकू येत नाही का मला? म्हणून टीशर्ट आणले. म्हटलं, सांगतील आपणहून.”

काकांनी चप्पल पायात सरकवली. मी स्कूटरींकडे तोंड करून उभी राहिले. दोघं एकाच घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते, आणि दोघांचं कारणही एकच होतं, त्या हाताचा मान.

सोमवारी ते डॉक्टरांकडे गेले. हातात काही बिघाड नव्हता. मानेच्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू दाबला जात होता, आणि हाताचा जोर, पायाची जाणीव, दोन्ही तिथेच अडत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की शस्त्रक्रिया आणखी लांबवली तर चालणं जाईल. आता केली तर जे गेलंय ते सगळं परत येईल असं नाही, पण आहे ते राहील. मुलगा विमानानं आला. शस्त्रक्रिया झाली. काका मानेला पट्टा लावून घरी आले. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, “दाब काढला म्हणे त्यांनी. तुमच्या धंद्याच्या उलटा धंदा.”

मुलगा बंगळूरला चला म्हणत होता. सोसायटीतही कुजबूज सुरू झाली होती. नव्या बिऱ्हाडांत तरुण संगणकवाले होते, एकेका घरात दोन दोन गाड्या येत होत्या, आणि अर्ध्या होडीनं एक जागा अडवली होती. सोसायटीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा सुमनकाकू उठून एवढंच म्हणाल्या की, जागा आमची आहे आणि आमची गाडी पाण्यावर चालणारी आहे. मुलालाही त्यांनीच परत पाठवलं. होडी झाल्यावर दोघं येतो म्हणाल्या. ज्या होडीचा त्यांना राग आहे असं मी समजत होते, तिच्यासाठी.

पट्टा निघाल्यावर काम पुन्हा सुरू झालं. काकांचा पाय बराच सावरला होता. डावा हात मात्र होता तसाच राहिला, पेला धरेल इतकाच. मी शनिवारी गेले तर सुमनकाकू पदर खोचून भिंतीकडच्या फटीत उभ्या होत्या. अंगानं बारीक, त्यामुळे त्या सहज मावत होत्या. काका पलीकडून सांगत होते, “ओढ. अजून ओढ. पांढरी पडू दे.” काकू म्हणाल्या, तुटेल. काका म्हणाले, तुटली तर सायकलवाल्याकडे पुष्कळ आहेत.

पण होडीच्या टोकाशी, जिथे पट्टी वळते आणि पिळतेही, तिथे काकूंचा जोर पुरेना. ट्यूब घसरायची. एकदा, दोनदा पाहिल्यावर काका माझ्याकडे वळले.

“चुका आणल्यात का?”

आणल्या होत्या. पहिल्या शनिवारपासून माझ्या पिशवीत होत्या. काकांनी उजव्या हातानं हातोडी धरली, चूक मी धरली, पट्टी काकूंनी दाबली. ठोकताना त्यांचा चेहरा अवघडलेला होता. दोन्ही टोकांना मिळून ओंजळभर चुका गेल्या. डिंक वाळल्यावर त्या उपटल्या, आणि भुश्यात डिंक कालवून भोकं बुजवली. बुजवली तरी ठिपके दिसायचे. काका त्यांच्याकडे बघून मान हलवायचे, पण पुन्हा भरा असं म्हणाले नाहीत.

शेवटची पट्टी दोन्ही बाजूंच्या मधे बसते. ती निमुळती तासून, थोडी थोडी रंधून, घासून बसवावी लागते. ती मात्र काकांनी एकट्यानं केली, एका हातानं, तुकडा पायाखाली धरून. पूर्ण सकाळ गेली. आम्ही दोघी बाजूला खुर्च्या टाकून बसलो होतो. पट्टी बसली तेव्हा ते काकूंना म्हणाले, “चहा टाक.”

मी तक्रार बंद केली. कारणाच्या रकान्यात ‘दाब अपुरा’ आणि उपायाच्या रकान्यात ‘मनुष्यबळ वाढवले’ असं लिहिलं. साहेबांनी काही न विचारता सही केली.

त्यानंतर आमचीच घडी विस्कटली. कंपनी मोठ्या कंपनीनं घेतली, प्रयोगशाळा दुसऱ्या राज्यात गेली, आणि मलाही स्वेच्छानिवृत्ती मिळाली. तयार फर्निचर खोक्यांतून येऊ लागलं होतं. डिंक लावायचाच नसतो त्याला, स्क्रू पिळले की झालं. कसब्यातल्या त्या म्हाताऱ्यांच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. तक्रारी बघायला माणूस पाठवायची पद्धतच गेली. लोक आता फोन करतात, पलीकडून गाणं वाजतं.

पांचाळांच्या घरी राळेचा लेप झाला तेव्हा मी एकदा जाऊन आले होते. होडी पाण्यात घातली त्या दिवशी मी माहेरी होते, त्यामुळे तो सोहळा हुकला. त्याची हळहळ आहे. मग पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, काकांचा घरी फोन आला. रविवारी खडकवासल्याच्या पाण्यावर या म्हणाले, जोड बघायचेत.

मी लगेच विचारलं, “कुठली बाजू सुटली?”

“काही सुटलं नाही. तेच बघायला या.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत धरलेला जोड बघायला मला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावतात ते सुटल्यावर.

गेले. होडी काठाला लागलेली होती, उन्हात मधासारखी दिसत होती. मी वाकून दोन्ही बाजू चाचपल्या. सवयीनं नख फिरवलं, सुरी काढली नाही. सुमनकाकू पुढे बसल्या होत्या, गुडघ्यावर वल्हं आडवं धरून. मागे काका, त्यांचंही वल्हं उजव्या हातात, डावा हात नुसता वरच्या टोकावर ठेवलेला. होडी दोघांची, पण काका म्हणाले, मधे बसा, तुम्ही काही जड नाही.

मला पोहता येत नाही. तरी बसले, दोघांच्या मधे, तळावर मांडी घालून. काकूंनी वल्हं टाकलं आणि काठ मागे सरला. तोल राहावा म्हणून मी एक हात कडेला, भिंतीकडच्या बाजूला, टेकवला होता. पट्टी इतकी पातळ की पलीकडून घसरत जाणारं पाणी तळव्याला कळत होतं. थंड लागत होतं. मी हात उचलून पाहिला. कोरडा होता.